पाटे थकतात म्हणजे काय?

पंधरा-वीस वर्षे चाललेली पिकअप रिकामी उभी असली तरी मागून बसलेली दिसते. खड्ड्यात गेली की 'खट्ट' असा आवाज येतो. गॅरेजमध्ये सल्ला मिळतो, "पाटे थकलेत, सगळंच बदलून टाका." सगळेच बदलायचे तर खर्च मोठा, आणि काहीच न बदलावे तर माल व माणसे झिजलेल्या भागांच्या भरवशावर. येथे थोडे पदार्थविज्ञान कामी येते.

भार पेलतात ते पाटे. शॉक ॲब्सॉर्बर हे नाव तसे फसवे आहे. धक्का झेलतो पाटाच. शॉक ॲब्सॉर्बर त्यानंतरचे हेलकावे शमवतो. म्हणून 'गाडी बसली, शॉकअप बदला' हा उपाय सहसा लागू पडत नाही.

आता पाटे थकण्याविषयी. पाट्याचा ताठपणा त्याच्या लांबी-रुंदी-जाडीवर आणि पोलादाच्या यंग गुणांकावर अवलंबून असतो. हा गुणांक सुमारे २०० अब्ज पास्कल असतो, आणि गाडी कितीही वर्षे चालली तरी तो बदलत नाही. म्हणजे पोलाद 'मऊ' पडत नाही. वारंवार जादा भार पडला, की पाटा स्थितिस्थापकतेची मर्यादा किंचित ओलांडतो आणि त्याची कमान थोडी कायमची उतरते. उंची जाते, ताठपणा राहतो. अपवाद दोन : एखादा पाटा तुटणे, किंवा गंजाने जाडी घटणे. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असल्याने जाडी १० टक्क्यांनी घटली, तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो.

हे विद्यार्थ्यांना मोजूनही पाहता येईल. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजा. (जमिनीपासून नको, टायरही दबतो.) मागच्या आसावर ५० किलोची सहा पोती ठेवून पुन्हा मोजा. पाट्या-पाट्यांतील घर्षणामुळे माप चुकते, म्हणून दर वेळी गाडी आधी दोन-तीनदा हलवून घ्यावी. त्याच मॉडेलची सुस्थितीतील गाडी तेवढ्याच पोत्यांनी जेवढी खाली जाते तेवढीच आपली गेली, तर फक्त कमान उतरली आहे. मग पूर्ण भार भरल्यावर आस आणि वरचे थोपरबर यांत अंतर उरते का, हे पाहावे. उरत असेल, तर केवळ बसल्याच्या कारणाने पाटे बदलण्याची घाई नको.

भेग दिसली तर मात्र गोष्ट वेगळी. ऑगुस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले, की एका वेळी सहज सोसणारा ताण लाखो वेळा आला तर धातू तुटतो. खरा 'थकवा' तो हा. पोलादाच्या बाबतीत विशिष्ट पातळीखालचा ताण जवळजवळ अमर्याद वेळा सोसला जातो. पण गंजाचे खड्डे पडले की ही सवलत जाते. कोकणातल्या गाडीकडे म्हणूनच अधिक बारकाईने पाहावे. तारेच्या ब्रशने साफ करून मधल्या बोल्टच्या आसपास आणि टोकाच्या वळशाजवळ भेग शोधावी. मुख्य पाटा आसाला जागेवर धरून ठेवतो. त्यावर भेग असेल तर गाडी त्या दिवसापासून उभी. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.)

शॉक ॲब्सॉर्बरमध्ये तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हेलकाव्यांची ऊर्जा उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावर दहा किलोमीटर जाऊन आल्यावर सायलेन्सर टाळून त्याला हात लावून पाहा. एक कोमट आणि दुसरा थंड असेल, तर थंड असलेला बहुधा निकामी. रिकाम्या पिकअपला याची गरज जास्त. पाटे रिकाम्या गाडीखाली ४ सें.मी. दबत असतील, तर ती सेकंदाला सुमारे २.५ वेळा हेलकावते. मागचा भार तिप्पट झाला, की १.४ वेळा. रिकाम्या गाडीत चाक रस्त्यावरून उसळते, आणि हवेतले चाक ब्रेक लागूनही गाडी थांबवू शकत नाही. तेल गळणारे शॉक ॲब्सॉर्बर बदलावेत, तेही एका आसावरचे दोन्ही.

तो 'खट्ट' आवाज पुष्कळदा बुशचा असतो. ऑक्सिजन व ओझोनमुळे रबर कडक होऊन तडकते. खर्च सर्वांत कमी आणि फरक चटकन जाणवणारा, म्हणून मी सुरुवात येथून करीन.

आपल्याकडे दोन उपाय सर्रास होतात. पाटे भट्टीत तापवून कमान देतात. त्याने पोलादावरची मूळ उष्णता-प्रक्रियाच नष्ट होते. किंवा एक पाटा वाढवतात. गाडी उचलली जाते खरी, पण आस, ब्रेक आणि टायर पूर्वीचेच राहतात, आणि वर माल मात्र वाढतो. पाटे बदलायचेच ठरले तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, यू-बोल्ट नवे घालावेत आणि काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत. नवे पाटे एकमेकांवर बसताना ते थोडे सैल पडतात.