तेराव्या वर्षाला माहेर नाही

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत आहे. ती लाडाकौतुकाची समजली जाते. मी मात्र तिच्याकडे सल्ल्याची व्यवस्था म्हणून पाहतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी हे सगळं असतंच. पण खरी सोय अशी की रात्री दोन वाजता मूल रडायला लागलं तर शेजारच्या अंथरुणावर चार मुलं वाढवलेली बाई झोपलेली असते. विचारायला कुठे जावं लागत नाही. आणि विचारण्यात कमीपणाही नसतो. पहिलटकरणीला काही येत नाही, हे घरातल्या सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं.

त्याच मुलाला तेरावं लागतं तेव्हा ती बाई पुन्हा पहिलटकरीणच असते. तेरा वर्षांच्या मुलाची आई ती पहिल्यांदाच होत असते. बापाचंही तेच. पण आता दोघांनाही सगळं येत असेल असं जग धरून चालतं, आणि येत नसेल तर तो त्यांचा दोष ठरतो.

मी हिशेबाचा माणूस. एका सहकारी बँकेत नोकरी केली. मानसशास्त्र किंवा शिक्षणशास्त्र कुठे शिकलो नाही. रद्दीच्या दुकानांतून आणि वाचनालयांनी बाद केलेल्या गठ्ठ्यांतून आईबापांसाठी लिहिलेली जुनी मराठी मासिकं, पुस्तिका जमवायचा नाद लागला आणि त्यातून एक प्रश्न मागे लागला. मुलांना वाढवताना अडलेल्या मराठी आईबापांनी सल्ला मागितला तो कुणाकडे, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचला कसा?

जुन्या गठ्ठ्यांत ‘पालकत्व’ हा शब्द फारसा भेटत नाही. तिथे ‘संगोपन’ असतं, ‘संस्कार’ असतात, ‘वळण’ असतं. या तिन्ही शब्दांत मूल हे कर्म आहे. आईबापांना काय होतं हे त्यांत कुठेच येत नाही. याला लवकर छेद दिला तो शेजारच्या गुजरातीत. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. १९१३ साली मुलगा झाल्यावर याला वाढवायचं कसं म्हणून शोधाशोध करता करता ते माँटेसोरीपर्यंत पोचले आणि १९२० साली भावनगरला त्यांनी बालमंदिर उघडलं. त्यांच्या एका पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘आईबाप होणं अवघड आहे’ असा आहे. बालशिक्षणाची आपल्याकडची एवढी मोठी चळवळ अडलेल्या एका बापापासून सुरू झाली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

१९२३ साली ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे मराठीतही शिक्षणपत्रिका आली. पण ताराबाईंचं खरं मोठं काम कागदावरचं नाही. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि पुढे, १९५७ साली, जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर. दोन्ही गावं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातली, आज पालघरमधली. वस्ती वारल्यांची, मुलं गुरांमागे किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. ती शाळेत येईनात. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांकडे नेली. घरापुढच्या अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरं चरतात तिथे भरली ती कुरणशाळा.

अंगणवाडीचं कौतुक शिक्षणाच्या अंगाने पुष्कळ झालं आहे. मला तिच्यातली दुसरी गोष्ट दिसते. अंगणात शाळा भरली की आईला ती दारातून दिसते. मुलाचे डोळे कसे पुसायचे, नखं कशी काढायची, मूल हट्टाला पेटलं की हात न उगारता काय करायचं, हे तिला कुणी सांगत बसत नाही. भाकरी थापता थापता ती पाहते. पालकांना इतका न बोचणारा सल्ला त्यानंतर कुणी दिला असेल असं मला वाटत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. तिच्या उणिवा सर्वांना ठाऊक आहेत. तरी आज गावातल्या कुठल्याही बाईला मुलाच्या वजनाबद्दल विचारायचं असेल तर विचारायला एक माणूस आहे, ओळखीचं आहे आणि चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण ही सोय सहा वर्षांपर्यंतची. लसीकरणाचं वेळापत्रक काढून पाहा. पहिल्या दीड-दोन वर्षांत रांगच रांग, पाच-सहा वर्षांच्या सुमारास एक बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची एकेक सुई. सरकारी यंत्रणा आईबापांना किती वेळा भेटते याचाच तो आलेख आहे. ज्या वयात मूल दार लावून घ्यायला लागतं, त्या वयात वेळापत्रकही जवळजवळ कोरं होतं.

असं का व्हावं? एक कारण उघड आहे, कुपोषण मोजता येतं आणि अबोला मोजता येत नाही. दुसरं कारण लाजेचं आहे. वाढत्या वयाचे प्रश्न शरीराशी येऊन ठेपतात आणि तिथे आपण गप्प होतो. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली. त्या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. शंका विचारणारे तर मोठी माणसं होती! तरुणपणी न विचारलेलं ती आता विचारत होती. त्यांची मुलं त्यांना काय विचारणार आणि ते काय सांगणार?

गेली काही वर्षं मी भेटेल त्या आईबापांना एकच प्रश्न विचारतो: मुलाची काळजी वाटली तेव्हा पहिल्यांदा कुणाशी बोललात? मूल लहान असतानाचं उत्तर चटकन येतं. माझ्या आईशी, नणंदेशी, शेजारच्या काकूंशी. मूल चौदा-पंधराचं असेल तर आधी थोडी शांतता. मग ऐकू येतं ते बहुधा ‘क्लासच्या सरांशी’. तालुक्याच्या गावात शिवणकाम करणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी दहावीच्या वर्षात जेवेनाशी झाली, बोलेनाशी झाली. त्यांनी क्रमाने क्लासचे सर, औषधाच्या दुकानातला मुलगा आणि पत्रिका पाहणारे एक काका यांना विचारलं. भावाला सांगितलं नाही. “उद्या हिचं लग्न ठरायचं आहे, घरात बोभाटा नको,” ते मला म्हणाले. म्हणजे सल्लागार निवडताना त्याला कळतं किती, हे त्यांनी पाहिलं नाही. तो बाहेर बोलेल का, एवढंच पाहिलं. मला हा निकष मूर्खपणाचा वाटत नाही. मुलीच्या बापाला तो परवडतो.

मग आज दारं आहेत तरी कोणती? आहेत, आणि त्यांवरच्या पाट्या नीट वाचायला हव्यात. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत सल्ला केंद्रं आहेत. महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. तिथे पाळीच्या तक्रारीपासून मनाच्या तक्रारीपर्यंत काहीही बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, दिवसरात्र, मराठीतही. तिथे मुलानेच फोन करायला हवा असं नाही. घाबरलेल्या बापानेही करावा. मूल संकटात असेल, मारहाण किंवा अत्याचार होत असेल तर १०९८. ही सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. बोर्डाच्या परीक्षांच्या काळात समुपदेशकांचे क्रमांक वर्तमानपत्रांत येतात तेही कापून ठेवण्यासारखे.

पुण्याचं ‘पालकनीती’ मासिक १९८७ पासून चालू आहे. आईबापांनाही न कळण्याचा हक्क आहे असं मानून लिहिलेलं इतकं सातत्याचं काम मराठीत दुसरं मला ठाऊक नाही. आणि ठाणे. ‘याला ठाण्याला पाठवा’ या वाक्प्रचाराने ज्या गावाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या शिवीसारखं वापरलं गेलं, त्याच गावात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मनआरोग्यासाठी संस्था काढली आणि आईबाप मुलांना घेऊन आपल्या पायांनी तिथे जाऊ लागले. भाषेने केलेलं नुकसान असं थोडं थोडं भरून येतं.

कायद्याच्या दोन गोष्टी मुद्दाम सांगतो, कारण त्या भीतीपोटी लोक उंबऱ्यावरून परत फिरतात. मुलाने जीव द्यायचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात नेण्यात घरचे वेळ घालवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं आहे, त्याला शिक्षा करायची नाही असं म्हटलं आहे. तेव्हा आधी दवाखाना. दुसरी गोष्ट याच्या उलट अंगाची. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचे शरीरसंबंध, ते संमतीने असले तरी, गुन्ह्याच्या कक्षेत येतात आणि माहिती कळलेल्या माणसावर ती पोलिसांना देण्याचं बंधन आहे. समुपदेशकही त्यातून सुटत नाही. अत्याचार झालेल्या मुलासाठी हे बंधन ढालच आहे. पण सोळा-सतराच्या मुलीच्या प्रेमप्रकरणाने गांगरलेली आई अशा वेळी कुणाकडेच जात नाही. काय सांगितलं की पुढे काय होईल, हे तिने समुपदेशकाला आधीच, नाव-गाव न सांगता, विचारून घ्यावं. तो सांगतो.

हे सगळं असूनही कोसबाडच्या अंगणातली ती गोष्ट यात नाही, की आईला विचारावंही लागू नये. क्रमांक पाठ असणं वेगळं आणि तो लावायला हात उचलणं वेगळं. माझ्या ओळखीच्या एका वाचनालयाच्या बाईंनी गेल्या वर्षी यावर एक साधी युक्ती केली. १४४१६ आणि जवळच्या मैत्री क्लिनिकचे वार व वेळ असं छापलेलं कागदाचं पत्तं त्यांनी भिंतीवर लावलं नाही. भिंतीवरचा क्रमांक उतरवून घेणारा माणूस सगळ्यांना दिसतो. त्यांनी ती पत्ती पुस्तकांत खूण म्हणून घातली: पाककृतींच्या, दहावीच्या प्रश्नसंचांच्या, श्रावणातल्या व्रतांच्या, रहस्यकथांच्या. पुस्तकं परत येतात तेव्हा त्या आतली पत्ती पाहतात. पाककृतींच्या पुस्तकांतल्या पत्त्या सगळ्यांत लवकर संपतात, असं त्या सांगतात. आणखी दोनशे छापायला टाकल्या आहेत.