प्रवासातील नवी शिदोरी

एके काळी प्रवासास निघावयाचे म्हणजे वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांची शिदोरी एवढी सामग्री पुरेशी होत असे. रामाकोन्याच्या स्थानकावर नागपूर-छिंदवाडा ह्या नॅरोगेज गाडीची वाट पाहणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांच्या हाती ह्याहून अधिक सामान क्वचितच दिसे. ती गाडी २०१५ साली बंद झाली, तिच्या जागी आता रुंद रूळ आले, आणि प्रवाशाची शिदोरीही पालटली. आजचा तरुण प्रवासी पिशवीत लॅपटॉप घेऊन निघतो व घर सोडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतो : "तिकडे नेट चालेल ना?"

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. आम्हांसही तो तसाच वाटत होता. परंतु एका प्रसंगाने आमचे डोळे उघडले, आणि तो प्रसंग वाचकांपुढे मांडल्यावाचून पुढील उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात आम्ही काही कामानिमित्त उत्तरेकडे निघालो होतो. गावातील एका होतकरू मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचे काम आम्ही आपण होऊन अंगावर घेतले होते. त्याची सारी कागदपत्रे आमच्या लॅपटॉपमध्ये होती. अर्जाची मुदत त्याच रात्री बारा वाजेपर्यंत होती. पण पांढुर्णा स्थानकावर गाडीत बसल्यावर चार तास हाताशी आहेत, मोबाईल जवळ आहे, मग घाई कसली, असा आम्ही विचार केला. मोबाईलचे इंटरनेट लॅपटॉपला जोडले आणि जेवणाचा डबा उघडला. जेवण आटोपून पाहतो तो अर्जाचे पान हलेना. आमच्या नकळत लॅपटॉपने आपल्या अंतर्गत सुधारणांचे मोठे गाठोडे उतरवून घेण्यास प्रारंभ केला होता, आणि दिवसाचा सारा डेटा त्याने एका तासात गिळून टाकला होता. हे उमगेतो बैतूल मागे पडले आणि गाडी सातपुड्याच्या घाटात शिरली. तेथे आमच्या कार्डास रेंजच नव्हती. नवा डेटा विकत घ्यावा तरी कसा? इटारसीच्या फलाटावर उतरलो तेव्हा बारा वाजून काही मिनिटे झाली होती. नियमाप्रमाणे मध्यरात्रीस आमचा नव्या दिवसाचा डेटा सुरू झाला होता, आणि त्याच ठोक्यास अर्जाचे दार बंद झाले होते.

त्या मुलाचे वर्ष गेले. तो एका शब्दानेही बोलला नाही. "पुढच्या वर्षी भरू" एवढेच म्हणाला आणि मोसम येताच संत्र्यांच्या पेट्या भरण्याच्या कामावर गेला. त्याचा तो समंजसपणा आम्हांस कोणत्याही बोलापेक्षा अधिक लागला. दोष कोणा कंपनीचा नव्हता, घाटाचाही नव्हता. दोष आमच्या अज्ञानाचा होता.

ह्यानंतर गेल्या हिवाळ्यात गावातील एक निवृत्त गुरुजी आपल्या कन्येसह आमच्याकडे आले. गुरुजींना आयुष्यभर देश पाहण्याची हौस. परंतु नोकरी, मुलांची शिक्षणे व पत्नीचे दीर्घ आजारपण ह्यांत ती राहून गेली. त्यांना एकटे धाडणे प्रकृतीमुळे शक्य नव्हते. कन्या पुण्याच्या एका कार्यालयाचे हिशेबाचे काम घरी बसून लॅपटॉपवर करते. घर तिच्याच मिळकतीवर चालते. चाळीस दिवसांची रजा कोण देणार? कार्यालयाने एवढेच मान्य केले होते की, काम कोठूनही करावे, मात्र रोज सकाळी दहाच्या बैठकीस हजर असावे आणि हिशेब संध्याकाळपर्यंत पोहोचावेत. "बाबांची इच्छा पुरी करायची आणि नोकरीही टिकवायची, तर कोणते कार्ड घेऊ?" असा तिचा प्रश्न होता. ठेच आम्हांस लागलेली होती; तेव्हा त्या ठेचेने जे शहाणपण दिले ते आम्ही तिच्यापुढे मांडले. तेच येथे देतो.

प्रथम आपल्या कामाचे माप घ्यावे. नुसती पत्रे व हिशेबाची कोष्टके पाठविण्यास डेटा फारच थोडा लागतो. पण चित्रासह चालणारी तासाभराची बैठक ढोबळ मानाने एक जीबी खाते. पुष्कळ रिचार्जमध्ये दिवसाला दीड किंवा दोन जीबी मिळतात. ते संपले की इंटरनेट अगदीच बंद पडत नाही. त्याचा वेग बहुधा सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. ह्याचा अर्थ आमच्या भागातील वाचकांस सहज कळेल : ब्रॉडगेजचा माल एकाएकी नॅरोगेजच्या डब्यांत भरावा लागतो. एक मेगाबाईट जावयास दोन मिनिटांहून अधिक लागतात. पाच मेगाबाईटची कागदपत्रे असतील तर दहा मिनिटांवर, आणि तेवढा वेळ संकेतस्थळ थांबत नाही. आमचे नेमके तेच झाले. म्हणून रोजच्या गरजेच्या दीडपट डेटा हाताशी असावा, आणि जादा डेटाचे छोटे रिचार्ज रेंज असतानाच करून ठेवावे.

दुसरी गोष्ट लॅपटॉपला लगाम घालण्याची. घरच्या वायफायवर वाढलेला लॅपटॉप प्रवासातही आपण श्रीमंताघरीच आहोत असे समजतो. विंडोज असलेल्या यंत्रात जोडणी 'मीटर्ड' आहे असे सांगण्याची सोय आहे. ती चालू केली म्हणजे मोठमोठ्या सुधारणा बहुतांशी थांबून राहतात. छायाचित्रे व धारिका आपोआप दूरच्या साठ्यात चढविणारी व्यवस्थाही प्रवासापुरती बंद ठेवावी. एवढे दोन मिनिटांचे काम आम्ही पांढुर्ण्यास केले असते, तर त्या मुलाचे वर्ष वाचले असते.

तिसरा प्रश्न साधनाचा. पूर्वी ह्या कामासाठी डोंगल म्हणून एक बोटभर लांबीचे यंत्र लॅपटॉपला लावीत. ज्यांच्या कपाटात ती जुनी डोंगले पडून आहेत त्यांनी त्यांवर विसंबू नये. त्यांतील कित्येक ज्या पद्धतीच्या जाळ्यावर चालत ती जाळीच आता उठली आहेत. आज बहुतेकांस मोबाईलचा हॉटस्पॉट पुरेसा होतो. मात्र त्यामुळे मोबाईल तापतो व बॅटरी लवकर उतरते. वायरने मोबाईल लॅपटॉपला जोडला तर इंटरनेटही मिळते आणि मोबाईलला वीजही मिळत राहते. ज्यास दिवसभर काम करावयाचे आहे त्याने खिशात मावणारा छोटा राउटर वेगळ्या कार्डासह घेतला तर बोलण्याचा मोबाईल मोकळा राहतो. हॉटस्पॉटला परवलीचा शब्द अवश्य लावावा. उघड्या विहिरीवर कोण येऊन पाणी नेईल हे सांगता येत नाही.

आता मुख्य प्रश्न : कार्ड कोणते? आमचे उत्तर असे की, एक कोणतेही नव्हे. दोन निरनिराळ्या कंपन्यांची. जिओ, एअरटेल, व्ही आणि सरकारी बीएसएनएल ह्या चौघांपैकी कोणाचाही मनोरा सर्वत्र नाही. एकाची रेंज जेथे संपते तेथे दुसऱ्याची पुष्कळदा असते. आजच्या बहुतेक मोबाईलांत दोन कार्डे राहतात. तेव्हा अडचण ती काय? बँकेचे संदेश ज्या क्रमांकावर येतात तो जुना क्रमांक तसाच ठेवावा आणि दुसरे कार्ड दुसऱ्या कंपनीचे घ्यावे. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून आहे व २०१५ पासून ती देशभर लागू झाली. पण ते काम काही दिवस चालते. प्रवासास निघताना ते हाती घेऊ नये.

कोणत्या गावी कोणाची रेंज आहे हे पाहण्यास आता जाहिरातीवर विसंबण्याचे कारण नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या जाळ्याचे नकाशे स्वतःच्या संकेतस्थळावर मांडावे लागतात. मुक्कामाची गावे त्या नकाशांवर एकेक करून पाहावीत. तरीही एक सावधगिरी राखावी. नकाशावर रंग आहे म्हणून काँक्रीटच्या खोलीत रेंज येईलच असे नाही. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात व भिंतींतूनही शिरतात. फाइव्ह-जीसाठी मुख्यत्वे वापरात असलेल्या ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा वेग मोठा, पण पल्ला थोडा. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात सुरू झालेली फाइव्ह-जी सेवा शहरात सुखाची आहे; डोंगरात मात्र साध्या फोर-जीवर मोबाईल लावून पाहिल्यास काम अधिक सुरळीत होते, असा अनुभव येतो. तामियाच्या पाताळकोटासारख्या खोल दरीत उतरणाऱ्याने तर लहरी डोंगर ओलांडून वळत नाहीत हे ध्यानी धरूनच उतरावे.

आमच्यासारख्या सीमेवरील लोकांस आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रामाकोना मध्य प्रदेश व छत्तीसगढ ह्या दूरसंचार क्षेत्रात येते. सौंसर सोडून सावनेरकडे गेले की महाराष्ट्र व गोव्याचे क्षेत्र लागते. मुंबई पुन्हा निराळी. बोली एक, सोयरीक एक, बाजार नागपूरचा, आणि तरी सीमा ओलांडताच मोबाईलवर जादा आकार पडत असे. २०१७ च्या सुमारास बड्या कंपन्यांनी हा रोमिंगचा आकार काढून टाकला. त्यामुळे प्रत्येक प्रांतात नवे कार्ड घेण्याची जुनी रीत आता अनावश्यक झाली आहे. अपवाद जम्मू-काश्मीर व लडाखचा : बाहेरील प्रीपेड कार्ड तेथे चालत नाही असा नियम वर्षानुवर्षे आहे. तिकडे जाणाऱ्याने पोस्टपेड कार्ड न्यावे व निघण्यापूर्वी कंपनीकडे चौकशी करावी.

देशातील हजारो रेल्वेस्थानकांवर रेलटेलचे वायफाय आहे आणि पहिला अर्धा तास फुकट मिळतो. अडल्या वेळी पत्र धाडण्यास ते उत्तम. परंतु सार्वजनिक वायफायवर बँकेचे व्यवहार करू नयेत. तसेच नवे कार्ड घेताना आपल्या आधारच्या आधारे भलत्याच कोणी दुसरे कार्ड काढले नाही ना, हेही तपासावे. २०२३ साली सुरू झालेल्या सरकारच्या 'संचार साथी' ह्या संकेतस्थळावर आपल्या नावे किती जोडण्या आहेत ते दिसते, आणि हरवलेला मोबाईल तेथूनच बंद करविता येतो. प्रवाशाने हा पत्ता लक्षात ठेवावा.

हे सारे त्या कन्येने वहीत टिपून घेतले. जाण्यापूर्वी तिने दोन्ही कार्डे घालून एक रविवार रामाकोन्याहून नागपूरपर्यंत जाऊन पाहिले. कोठे कोणते कार्ड चालते ह्याची नोंद केली. मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी खोली घेण्याआधी ती पाच मिनिटे आत बसून नेट तपाशी व मगच भाडे ठरवी. हिशेबाच्या धारिका आदल्या रात्रीच लॅपटॉपवर उतरवून ठेवी, म्हणजे दिवसा रेंज गेली तरी काम थांबत नसे. मुंबई, गोवा, कन्याकुमारी, कोलकाता, काशी असा चाळीस दिवसांचा प्रवास झाला. दहाची बैठक तिने एकदाच चुकविली, आणि तीही आधी सांगून. तो दिवस कोकण रेल्वेचा होता. त्या मार्गावर नव्वदाहून अधिक बोगदे आहेत, त्यांतील करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरांचा आहे, हे तिने अगोदर वाचले होते. बोगद्यात कोणत्याच कार्डाचा भरवसा धरू नये, हे ओळखून तिने त्या दिवसाची रजाच मागून घेतली. "त्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही," ती परत आल्यावर सांगत होती, "बाबा एका खिडकीशी आणि मी दुसऱ्या." गुरुजी काही बोलले नाहीत, पण चाळीस दिवसांतील कोणता दिवस त्यांना सर्वांत गोड वाटला हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते.

वाचकहो, आमच्या मते कार्ड निवडण्याच्या साऱ्या खटाटोपाचे सार येथेच आहे. उत्तम कार्ड, पुरेसा डेटा, भक्कम यंत्र ही साधने जवळ असावीत. परंतु जे काम दुसऱ्याच्या भवितव्याशी बांधलेले आहे ते रेंजच्या भरवशावर शेवटच्या घटकेपर्यंत ठेवू नये. जेथे जाळे पोहोचणार नाही ते स्थळ आधी ओळखावे, त्यासाठी आधीच सवड मागून घ्यावी, आणि मग त्या सवडीत निश्चिंतपणे खिडकीबाहेर पाहावे.

त्या मुलाचा अर्ज पुढच्या वर्षी पुन्हा निघाला. मुदतीच्या आठ दिवस आधी, रामाकोन्यातच टेबलापाशी बसून, त्याने तो स्वतः भरला. आम्ही शेजारी बसलो होतो. आमच्याकडे काम एवढेच होते की, अर्ज पोहोचल्याची पावती छापून त्याच्या हाती द्यावी. ती त्याने दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि मग प्रथमच त्या इटारसीच्या रात्रीविषयी आम्हांस विचारले. आम्ही त्याला सर्व खरे खरे सांगितले.