मधल्या बोटावर धावणारं जनावर

पहाटेचं काम आटोपून शर्यतीचा घोडा मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या तबेल्यात येतो. पाणी, खरारा झाला की सईस उकिडवा बसतो आणि पुढच्या पायांच्या मागच्या बाजूवरून तळहात हळूहळू खाली नेतो. आधी डावा पाय, मग उजवा, मग पुन्हा डावा. एका पायाला किंचित जास्त ऊब लागली की ट्रेनरला निरोप जातो. घोडा तेव्हा लंगडतही नसतो. पुढचं सारं त्या तळहातावर ठरतं.

घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा म्हणून आपण जे दाखवतो, ते खरं तर त्याचं मनगट. त्याखालची नळी म्हणजे आपल्या तळव्यातलं मधलं हाड आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर चार बोटांच्या नखांवर धावतं! भरधाव दौडीत शरीराच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट भार क्षणभर एकाच पायावर येतो. मनगटाखाली मांस जवळपास नाहीच. हाड, कातडी आणि कंडरा, एवढंच. तबेल्यात कंडरेला सगळे टेंडन म्हणतात. नळीमागची ही दोरी दर टापेला रबरासारखी ताणली जाते आणि साठवलेली ताकद परत देते. त्यामुळेच घोडा इतक्या कमी श्रमात इतकं पळतो. पण ताणताना निर्माण होणारी उष्णता दोरीच्या गाभ्यातून लवकर बाहेर पडत नाही. दौडताना तिथलं तापमान 45 अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचं मोजलेलं आहे. अशा भट्टीत तंतू दिवसेंदिवस कमजोर होतात आणि एखाद्या सकाळी आतून तुटतात. सोनोग्राफीत मग पांढऱ्या दोरीच्या मधोमध काळं भोक दिसतं.

पहिले दोन-तीन दिवस गार पाण्याची धार, बर्फ, पट्टी आणि सूज उतरवणारं औषध. पुढे तबेल्यातच विश्रांती, मग लगाम हातात धरून चालवणं. सुरुवातीला दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. मैदानात परतायला नऊ महिने ते वर्ष जातं. जखम भरते, पण व्रणाचा धागा मूळ धाग्याइतका लवचीक नसतो. त्याच्या शेजारीच दोरी पुन्हा तुटण्याचा धोका राहतो.

मुंबईच्या शर्यतींचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. डिसेंबरात टेंडन गेला तर हा मोसम तर गेलाच, पावसाळ्यातला पुण्याचाही गेला. घोडा उभा असला तरी चारा, सईस, नालबंद यांचा खर्च चालूच. घाई सुटते ती इथे. वेदनाशामक देऊन घोडा लवकर मैदानात उतरवणं मला अक्षम्य वाटतं. दुखणं हाच त्या पायाचा पहारेकरी. त्याला झोपवलं की पाय उघडा पडतो.

हाड मोडलं तर प्रश्न आणखी बिकट. घोड्याला महिनोन् महिने पडून राहता येत नाही आणि तीन पायांवर उभा राहिला तर चांगल्या पायाच्या खुराचे आतले पदर सुटू लागतात. 2006 साली अमेरिकेतली केंटकी डर्बी ही शर्यत जिंकलेल्या बार्बारो या घोड्याचा मागचा पाय दोनच आठवड्यांत पुढच्या शर्यतीत मोडला. शस्त्रक्रिया झाली, हाड बऱ्यापैकी सांधलं, पण खुरांच्या या दुखण्यामुळे जानेवारी 2007 मध्ये त्याला कायमचं झोपवावं लागलं.

घोड्यांच्या पायांची ही काळजी मुंबईला नवी नाही. महालक्ष्मीचं मैदान 1883 चं. त्या काळी हे शहरच घोड्याच्या पायांवर चालत होतं. 1874 पासून ट्रामसुद्धा घोडेच ओढत, विजेची ट्राम आली ती 1907 मध्ये. लंगडणारं जनावर त्यामुळे रोजच्या रस्त्यावरचं दृश्य होतं. मैदान झालं त्याच दशकात परळला गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावे, बाई साकरबाई पेटिट प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं. 1886 मध्ये तिथेच जॉन हेन्री स्टील यांच्या हाताखाली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आज परळच्या आचार्य दोंदे मार्गाच्या परिसरात केईएम, टाटा, वाडिया या माणसांच्या रुग्णालयांच्या दारांशी नातेवाइकांची रीघ असते. थोडं पुढे, प्राण्यांच्या रुग्णालयाशी गेलं की कुत्री, मांजरं, बैल घेऊन आलेली माणसंही तशाच चेहऱ्यानं बसलेली दिसतात.

महालक्ष्मीला संध्याकाळी उन्हं उतरली की पट्टी बांधलेला एखादा घोडा सईसाबरोबर सावकाश चालताना दिसतो. सईस पुढे बघत नाही. त्याची नजर खाली, टापेवर असते. आजची बारा मिनिटं संपली की तो लगाम वळवतो.