विश्लेषण : सोलापुरात रुग्णालये भरपूर, तरी ‘सिव्हिल’ची रांग का हटत नाही?

सोलापुरात खासगी रुग्णालयांची वाण नाही. सहकारी तत्त्वावरचे अश्विनी रुग्णालय आहे, कुंभारीला खासगी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तरी जिल्ह्यातलाच नव्हे, तर धाराशिव, कलबुर्गी, विजयपुराकडचा गरीब रुग्णही गाठतो ते ‘सिव्हिल’, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. असे का?

स्पर्धा नेमकी कोणासाठी?

रोख पैसे किंवा विमा असलेल्या रुग्णासाठी खासगी रुग्णालये आपसात स्पर्धा करतात. त्याला लवकरची तारीख मिळते. खिसा रिकामा असलेल्या रुग्णासाठी अशी स्पर्धा व्हायची, तर त्याचे बिल सरकारने भरावे लागते.

योजनेने काय बदलले?

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सोलापूर होते. २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर नेऊन सर्व कुटुंबांना सामावून घेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. त्यामुळे योजनेतील खासगी रुग्णालयातही मोफत शस्त्रक्रियेचा मार्ग खुला झाला.

मग अडते कुठे?

पॅकेजचा दर सरकार ठरवते. तो परवडत नसेल किंवा बिल थकत असेल, तर रुग्णालय योजनेचे रुग्ण घ्यायला उत्सुक नसते. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत; त्यांची रांग तिथेच लागते. शिवाय योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आहे. केसपेपर, ओपीडी, तपासणीची तारीख ही रोजची प्रतीक्षा तिच्यामुळे कमी होत नाही. तज्ज्ञ डॉक्टर मोजकेच असतात. खासगी क्षेत्र वाढले की ओढाताण त्यांचीच होते.

इतरत्र काय अनुभव?

इंग्लंडने २००६ पासून रुग्णाला रुग्णालय निवडण्याची मुभा दिली. दर ठरलेला, त्यामुळे स्पर्धा दर्जावर. प्रतीक्षा घटली. मात्र त्याच काळात सरकारने खर्च वाढवला होता आणि १८ आठवड्यांत उपचार सुरू करण्याचे बंधनही घातले होते. त्यामुळे श्रेय एकट्या स्पर्धेला देता येत नाही.

रुग्णाने काय करावे?

योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. आधी त्याला भेटा. १५५३८८ या क्रमांकावर माहिती मिळते. तातडीच्या वेळी दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्याची विचारणा जरूर करा.

नव्या इमारतींनी रांग कमी होत नाही. दर परवडणारा, बिल वेळेवर आणि ‘सिव्हिल’मध्ये पुरेसे डॉक्टर, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ती ओसरेल.