अग्निबाणाचे इंधन सिद्ध करणाऱ्या रसायनतज्ज्ञ : मेरी शर्मन मॉर्गन

संरक्षणविषयक संशोधनात आयुष्य घालविणाऱ्या शास्त्रज्ञांची स्थिती इतर शास्त्रज्ञांहून वेगळी असते. विद्यापीठातील संशोधकाचे कार्य निबंधरूपाने प्रसिद्ध होते, त्याची चर्चा होते आणि त्याचे नाव ग्रंथांत नोंदले जाते. संरक्षणकार्यात मात्र गुप्ततेचे बंधन असते. शोध राष्ट्राच्या उपयोगी पडतो, परंतु शोध लावणाऱ्याचे नाव पुष्कळदा कार्यालयाच्या कपाटातच राहते. त्यातून ती व्यक्ती स्त्री असली आणि तिच्या नावापुढे पदवी नसली, तर विस्मरणास वेळ लागत नाही. अमेरिकेचा पहिला कृत्रिम उपग्रह ज्या इंधनाच्या बळावर अवकाशात गेला, ते इंधन सिद्ध करणाऱ्या मेरी शर्मन मॉर्गन यांच्याबाबतीत नेमके हेच घडले.

शेतकरी कुटुंबातील मुलगी

मेरी यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९२१ रोजी अमेरिकेच्या उत्तर डाकोटा राज्यात, रे या लहानशा गावी झाला. कुटुंब शेतकऱ्याचे, भावंडे सहा. त्यांच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात असे सांगितले आहे की, शेतीच्या कामाला हात हवेत म्हणून आईवडिलांनी मेरीला शाळेत घातलेच नव्हते. शासकीय यंत्रणेने आग्रह धरल्यावर वयाच्या आठव्या वर्षी तिचे शिक्षण सुरू झाले. उशिरा शाळेत आलेली हीच मुलगी १९३९ मध्ये रे येथील माध्यमिक शाळेतून वर्गात पहिली येऊन बाहेर पडली. पुढे मायनॉट येथील महाविद्यालयात तिने रसायनशास्त्र हा विषय घेतला.

तेवढ्यात दुसरे महायुद्ध आले. पुरुष रसायनतज्ज्ञ सैन्यात गेल्यामुळे दारूगोळ्याच्या कारखान्यांना माणसे मिळेनाशी झाली. मेरी यांना रसायनशास्त्राचे ज्ञान आहे असे कळल्यावर ओहायो राज्यातील सँडस्की शहराजवळच्या प्लम ब्रुक आयुधनिर्माणीत त्यांना नोकरी देण्यात आली. तेथे टीएनटी, डीएनटी आणि पेंटोलाइट ही स्फोटके तयार होत. मेरी यांचे पदवीचे शिक्षण अर्धवट राहिले, ते पुढेही पूर्ण झाले नाही. परंतु स्फोटक द्रव्ये कशी वागतात, कोणत्या प्रमाणात किती ऊर्जा देतात, याचे प्रत्यक्ष ज्ञान त्यांना या काळात मिळाले.

युद्ध संपल्यावर त्या कॅलिफोर्नियात नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपनीत रुजू झाल्या. अग्निबाणांची इंजिने बनविणारा या कंपनीचा विभाग पुढे रॉकेटडाइन या नावाने प्रसिद्धीस आला. नव्या इंधनांपासून किती कार्यशक्ती मिळेल याचे गणिताने अनुमान काढणे, हे त्यांचे काम होते. सुमारे ९०० अभियंत्यांच्या त्या समूहात या कामावर असलेल्या त्या एकट्याच स्त्री होत्या.

प्रश्न काय होता?

त्यांच्यापुढे आलेला प्रश्न समजण्यासाठी अग्निबाणाचे तत्त्व थोडक्यात पाहिले पाहिजे. मोटारीचे इंजिन ज्वलनासाठी लागणारा ऑक्सिजन हवेतून घेते. अग्निबाणाला जेथे जावयाचे असते तेथे हवाच नसते. म्हणून त्याला इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही बरोबर न्यावे लागतात. शून्याखाली १८३ अंश सेल्सिअस तपमानास ऑक्सिजन द्रवरूप होतो आणि तो टाकीत साठविता येतो. इंधन व ऑक्सिजन ज्वलनकक्षात एकत्र येऊन जळतात, तप्त वायू नळकांड्यातून प्रचंड वेगाने मागे फेकले जातात आणि त्याच्या प्रतिक्रियेने अग्निबाण पुढे जातो. वायू जितक्या अधिक वेगाने बाहेर पडतील, तितके त्याच वजनाच्या इंधनाचे काम अधिक.

अमेरिकन भूसेनेजवळ 'रेडस्टोन' नावाचा अग्निबाण होता. वेर्नर फॉन ब्राऊन यांच्या पथकाने जर्मनीच्या व्ही-२ अग्निबाणाच्या धर्तीवर तो तयार केला होता. त्याचे इंधन म्हणजे ७५ टक्के अल्कोहोल आणि २५ टक्के पाणी. अग्निबाण भरवशाचा होता, परंतु उपग्रहाला कक्षेत पोहोचविण्याइतका जोर त्यात नव्हता. तेव्हा भूसेनेने रॉकेटडाइनकडे मागणी केली की, इंजिनाच्या रचनेत मोठा बदल न करता अधिक शक्ती देईल असे इंधन शोधून द्यावे. ही जबाबदारी मेरी यांच्यावर सोपविण्यात आली.

वाचकांच्या ध्यानात येईल की या मागणीतील खरी अडचण 'बदल न करता' या शब्दांत होती. केवळ अधिक ऊर्जेचे द्रव्य निवडून भागणार नव्हते. इंजिनाचे पंप ठराविक घनतेच्या द्रवासाठी बांधलेले होते. द्रव हलका निघाला तर ज्वलनकक्षात पुरेसे इंधन पोहोचणार नाही, आणि मिश्रणाचे प्रमाण बिघडले तर इंजिनच निकामी होईल.

साठ आणि चाळीस

मेरी यांनी पुढे आणलेल्या मिश्रणात दोन द्रव्ये होती. पहिले असममित डायमिथिल हायड्रॅझिन. हे ऊर्जेने समृद्ध, परंतु हलके. त्याची घनता पाण्याच्या सुमारे ०.७९ पट. दुसरे डायएथिलीन ट्रायअमीन. त्याची घनता सुमारे ०.९५ पट. पहिले ६० टक्के आणि दुसरे ४० टक्के घेतले असता मिश्रणाची घनता ०.८५ च्या आसपास येते, म्हणजे जुन्या अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणाइतकीच. जुन्या इंजिनाला हे नवे इंधन मानवले, यातील मर्म आकड्यांच्या या जुळणीवरून सहज समजते. ही सारी आकडेमोड कागद, पेन्सिल आणि स्लाइड रूल यांच्या साहाय्याने करण्याचा तो काळ होता.

या इंधनाला 'हायडाइन' असे नाव मिळाले. मेरी यांनी सुचविलेले नाव वेगळेच होते. द्रवरूप ऑक्सिजनला अभियंते 'लॉक्स' म्हणत. अमेरिकेत खारवलेल्या सामन माशालाही हाच शब्द आहे आणि तो 'बेगल' नावाच्या गोल पावाबरोबर खातात. तेव्हा नव्या इंधनाला 'बेगल' म्हणावे, असे त्यांनी विनोदाने सुचविले. सैन्याने अर्थातच ते मानले नाही.

१९५६ च्या अखेरीस हायडाइनवर रेडस्टोनचे उड्डाण झाले. नव्या इंधनामुळे इंजिनाचा जोर ७८ हजार पौंडांवरून ८३ हजार पौंडांवर गेला. टाक्यांची लांबी वाढविल्यामुळे इंजिन १२१ सेकंदांऐवजी सुमारे १५५ सेकंद चालू शकले.

३१ जानेवारी १९५८

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने 'स्पुटनिक' सोडला. त्याला उत्तर म्हणून ६ डिसेंबर रोजी अमेरिकेने सोडलेला नौदलाचा 'व्हँगार्ड' अग्निबाण प्रक्षेपणमंचावरच कोसळून जळाला. मग भार भूसेनेच्या पथकावर आला. ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री केप कॅनॅव्हरल येथून 'ज्युनो-१' हा प्रक्षेपक उडाला. त्याचा पहिला टप्पा हायडाइनवर चालणारा रेडस्टोनच होता. सुमारे १४ किलोग्रॅम वजनाचा 'एक्सप्लोरर-१' कक्षेत स्थिर झाला आणि पृथ्वीभोवतालच्या किरणोत्सारी पट्ट्याचा पहिला सुगावा त्याच्या उपकरणाने दिला.

हायडाइनचे आयुष्य मात्र अल्प ठरले. ते विषारी होते. १९६१ मध्ये ॲलन शेपर्ड यांना रेडस्टोनवरून अवकाशात पाठविताना पुन्हा अल्कोहोलचाच वापर करण्यात आला. मोठ्या प्रक्षेपकांसाठी तर निराळी इंधने आली. परंतु असममित डायमिथिल हायड्रॅझिन हे द्रव्य मागे पडले नाही. आपल्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या दुसऱ्या टप्प्यातील 'विकास' इंजिनाच्या इंधनातही त्याचाच मुख्य वाटा आहे.

नोंदीअभावी हरवलेले नाव

मेरी यांनी रिचर्ड मॉर्गन या अभियंत्याशी विवाह केला. पुढे नोकरी सोडून त्या चार मुलांच्या संगोपनात रमल्या. आपल्या कामाविषयी त्या क्वचितच बोलत. ४ ऑगस्ट २००४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र जॉर्ज मॉर्गन यांनी लिहिले आहे की, आईविषयीचा मृत्युलेख त्यांनी एका वृत्तपत्राकडे पाठविला असता, त्यातील माहितीची शहानिशा करता येत नाही या कारणास्तव तो छापला गेला नाही. नंतर त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना गाठून आठवणी जमविल्या. त्यांतून २००८ मध्ये एक नाटक रंगमंचावर आले आणि २०१३ मध्ये चरित्रग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखी दप्तर अपुरे असल्यामुळे या चरित्राची भिस्त बरीचशी अशा आठवणींवरच राहिली.

या जीवनकथेतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली शाळेविषयीची. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये, वय उलटून गेल्यावर शाळेत आलेल्या मुलाला वा मुलीला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. ही तरतूद किती मोलाची आहे, हे आठव्या वर्षी शाळेची पायरी चढलेल्या या मुलीच्या उदाहरणावरून कळते. शेतातून शाळेत आणावयाची मुलगी गावातील माणसांनाच ठाऊक असते. म्हणून या कामी शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कोणाचाही नाही.

दुसरी गोष्ट नोंदीविषयीची. गुप्तता ही संरक्षणाची गरज आहे, पण तिची मुदत संपल्यावर कोणी काय केले हे दप्तरावरून सांगता आले पाहिजे. ही अपेक्षा केवळ प्रयोगशाळांपुरती नाही. कोणत्याही कार्यालयात अहवालाखाली वरिष्ठांची सही असते, परंतु आकडेमोड करणारा हात दुसऱ्याचा असतो. त्या हाताचे नाव त्याच वेळी लिहून ठेवले, तर पुढील पिढीला ते आठवणींतून शोधीत बसावे लागणार नाही.