यूएसबी : उशीर चालेल, चूक चालणार नाही

पेन ड्राइव्हवर मोठी फाइल उतरवताना वेग मध्येच मंदावला की काहीतरी बिघडल्याची शंका येते. बहुतेक वेळा तो बिघाड नसतो. माहिती अचूक पोहोचावी म्हणून यूएसबीच्या नियमांनीच उशिराला मुभा दिलेली असते.

यूएसबीचे पहिले मानक १९९६ साली प्रसिद्ध झाले. ते घडवण्यात इंटेल कंपनीतील अभियंते आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे माजी विद्यार्थी अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. या मानकात माहिती वाहून नेण्याच्या चार पद्धती आहेत. उपकरणाची ओळख पटवण्यासाठी 'कंट्रोल', कीबोर्ड व माउससाठी 'इंटरप्ट', ध्वनी व चलत्‌चित्रांसाठी 'आयसोक्रोनस' आणि पेन ड्राइव्ह, प्रिंटर, स्कॅनर यांसाठी 'बल्क'.

यूएसबी २.० च्या हाय-स्पीड जोडणीत एका सेकंदाचे ८,००० भाग पाडले जातात. प्रत्येक भागातील ८० टक्क्यांपर्यंत वेळ इंटरप्ट व आयसोक्रोनस पद्धतींसाठी राखता येतो. बल्क पद्धतीसाठी असा राखीव वेळ नसतो. इतरांकडून उरलेला वेळ तिच्या वाट्याला येतो. मार्ग मोकळा असल्यास मात्र तो जवळजवळ पूर्ण वापरता येतो.

फाइल ५१२ बाइटच्या पॅकेटांत विभागून पाठवली जाते. प्रत्येक पॅकेटसोबत पडताळणीचा आकडा असतो. तो जुळला तर पेन ड्राइव्ह पोच देतो. पोच आली नाही तर संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. पॅकेटांवर आलटून-पालटून शून्य व एक अशी खूण असल्याने, पोच वाटेत हरवून तेच पॅकेट दुसऱ्यांदा आले तरी ते ओळखून वगळले जाते. पेन ड्राइव्ह लिहिण्यात गुंतलेला असल्यास तो 'आत्ता नाही' असा संकेत देतो आणि संगणक थांबून पुन्हा प्रयत्न करतो. वेग मंदावण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

आयसोक्रोनस पद्धतीत हरवलेले पॅकेट पुन्हा मागवले जात नाही. गाण्यात क्षणभर खरखर झाली तरी ते चालते. हिशेबाच्या फाइलमधील एक चुकीचा बाइटही महागात पडू शकतो.

ही हमी मात्र केबलपुरतीच मर्यादित आहे. पडद्यावर काम पूर्ण झालेले दिसले, तरी काही माहिती संगणकाच्या स्मृतीत पाठवायची राहिलेली असू शकते. म्हणूनच पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी 'सुरक्षितपणे काढा' ही आज्ञा देणे हिताचे ठरते.