चूल एक, हिशेब चार

भांडुप पश्चिमेला टेंभीपाड्याच्या चढावरच्या एखाद्या घरात जाऊन रेशनकार्ड बघायला मागा. कपाटातल्या कागदांच्या थप्पीतून, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं कार्ड निघेल. आत एक तक्ता असतो. नाव, वय आणि कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं. पत्नी, मुलगा, सून, नातू. 'सोबत राहते' असं त्या नात्याच्या रकान्यात लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

या एका रकान्यावर बरंच काही टांगलेलं आहे. दोन माणसं एका छपराखाली राहायला आली की सरकारलेखी त्यांची कमाईही एक होते का? उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात ते तुम्ही कुठल्या योजनेचा अर्ज हातात धरलाय यावर ठरतं.

रेशनपासून सुरुवात करू. महाराष्ट्रात १९९९पासून तीन रंगांची कार्डं आहेत. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, १ लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरं. अन्नसुरक्षा कायदा आला तसं स्वस्त, आणि २०२३पासून फुकट, धान्याच्या 'प्राधान्य कुटुंबां'साठी शहरात ५९ हजारांची मर्यादा ठरली. महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. भांडुपमध्ये एवढ्यात घर कसं चालतं, हा प्रश्न फॉर्ममध्ये कुठे विचारलेला नाही.

उत्पन्न कुणाचं, तर कुटुंबाचं. आणि कुटुंब म्हणजे? इथे आपली भाषा कायद्याच्या आधी पोहोचलेली आहे. भावाभावांत वाटण्या झाल्या की आपण घर वेगळं झालं म्हणत नाही, चूल वेगळी झाली म्हणतो. आपल्या जनगणनेतही कुटुंब मोजताना हेच बघतात: एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. मला खरी गंमत वाटली ती पुढे. अमेरिकेत गरिबांना अन्नासाठी मदत देणारी मोठी सरकारी योजना आहे, तिथेही एका घरात राहणारी माणसं किराणा एकत्र आणून एकत्र शिजवतात का, हेच विचारतात. दोघं वेगवेगळं शिजवत असतील तर एका घरात दोन कुटुंबं होऊ शकतात. नवरा-बायकोला मात्र ही सवलत नाही; त्यांनी दोन गॅस पेटवले तरी ती एकच चूल.

आता लग्न झालं की काय होतं ते बघा. मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी होतं, त्याचा दाखला मिळतो आणि मग ते सासरच्या कार्डावर चढतं. प्राधान्य कुटुंबात धान्य माणशी ५ किलो, म्हणून माहेरचे ५ किलो कमी होतात आणि सासर त्याच यादीत असेल तर तिथे ५ वाढतात. अत्यंत गरिबांसाठीच्या अंत्योदय कार्डाचं तसं नाही. तिथे माणसं कितीही असोत, कुटुंबाला ३५ किलो. म्हणजे अंत्योदयातली दोन एकटी म्हातारी माणसं उद्या एकमेकांच्या आधाराला एकत्र आली आणि कार्ड एक केलं, तर ७० किलोंचे ३५ होतात.

'लाडकी बहीण'ची व्याख्या निराळीच. २०२४च्या या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. सासू त्यात बसत नाही, दीर बसत नाही, मग चूल एक असो वा तीन. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. नव्या नवरीचं नाव कार्डावर चढलं नसेल तर विवाह प्रमाणपत्रासोबत नवऱ्याचं कार्ड चालतं. म्हणजे लग्न लागलं की त्याच्या कार्डाचा रंग तिलाही लागतो.

आता एक हिशेब मांडू. समजा, खिंडीपाड्यातली एक घटस्फोटित बाई घरकाम करून वर्षाला १ लाख २० हजार कमावते. ती उत्पन्नाचा दाखला काढते आणि 'लाडकी बहीण'चे महिन्याला १५०० रुपये घेते. तिचं ज्याच्याशी जमलंय तो गोदामात कामाला, कमाई १ लाख ५० हजार. दोघंही वेगवेगळे मर्यादेच्या आत. लग्न केलं की बेरीज २ लाख ७० हजार आणि वर्षाचे १८ हजार गेले. लग्न न करता नुसते एकत्र राहिले तर? व्याख्येत शब्द 'पती' आहे, जोडीदार नाही. शब्दशः वाचलं तर त्याची कमाई मोजायला रकानाच नाही.

पण हा सोबतीही कायद्याला अगदीच परका नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'विवाहसदृश नातं' आहे, आणि २०१०मध्ये वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कसोट्या सांगितल्या: समाजात जोडपं म्हणून वावर, लग्नाचं वय, लग्नाला कायदेशीर अडसर नसणं, बराच काळ राजीखुशीने एकत्र राहणं. म्हणजे मार खाल्ला तर तो घरचा, कमाई मोजायची तर तो परका. इंग्लंडमध्ये असं नाही. तिथे नवरा-बायकोसारखे राहताय असं ठरलं की दोघांचं उत्पन्न एकत्रच धरतात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने तर याच्याही पुढे मजल मारली होती. चार मुलांची आई असलेल्या श्रीमती स्मिथ यांच्या घरी एक पुरुष शनिवार-रविवारी येतो, तेवढ्यावरून तो मुलांचा बाप मानून त्यांची मदत बंद केली. १९६८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विचारलं की ज्याच्यावर पोसण्याची कायदेशीर जबाबदारीच नाही तो बाप कसला, आणि तो नियम मोडीत काढला.

आरक्षणाच्या दाखल्यांत तर डोकं गरगरतं. ओबीसीच्या नॉन-क्रीमी लेयरला आईवडिलांची स्थिती बघतात, नवऱ्याची नाही. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याला मात्र नवऱ्याची कमाई धरतात, आईवडिलांचीही धरतात. दोन्हीकडे आकडा ८ लाखच. एकच मुलगी, एकच लग्न. पहिल्या कागदावर ती अजून माहेरचीच, दुसऱ्यावर दोन्ही घरची.

सगळ्यात अरुंद दार विधवांसाठीच्या केंद्राच्या पेन्शनचं. पुनर्विवाह केला की ती बंद. नव्या नवऱ्याची कमाई किती, हे कुणी विचारतसुद्धा नाही.

उत्पन्नाचा दाखला काढायला भांडुपकराला कुर्ला तहसीलदारांकडे जावं लागतं. ते कार्यालय कुर्ल्याला नाही, मुलुंडला आहे. घरात लग्न ठरलं असेल तर तिथे जाण्याआधी, आणि माहेरच्या कार्डातून नाव कमी करण्याआधी, सासरच्या कार्डाचा रंग एकदा बघून घ्या.